प्रवरेच्या उतारावरची तट्टे

दिवाळी उलटली, ज्वारी पोटऱ्यात येऊ लागली, की नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारजवळ एखाद्या पहाटे वाहतूक मुंगीच्या पावलाने चालू लागते. पुढे मेंढरांचा लोंढा, त्याच्या कडेने काठी आडवी धरलेला धनगर, आणि सगळ्यात मागे पाच-सात घोड्यांची ओळ. घोडी म्हणजे चित्रातली नव्हेत. माणसाच्या छातीला लागतील एवढीच. पोटाने गोल, मानेने आखूड, आयाळ विस्कटलेली. पाठीवर मेंढरे कोंडायची वाघूर, पालाचे बांबू, पिठाची गोणी, हंडा, घोंगड्यांचे गाठोडे. त्या गाठोड्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि कालपरवा जन्मलेले कोकरू, नुसते तोंड बाहेर काढून. एखाद्या घोडीवर या साऱ्या पसाऱ्यात पाय सोडून म्हातारी बसलेली असते. मागून उसाची ट्रॉली हॉर्न देते, शिर्डीच्या गाड्या खोळंबतात. घोडी कान मागे टाकते, पण पाय चुकत नाही.

या घोडीकडे बघून एखादा शहाणा हमखास म्हणतो, ‘हे तर टट्टू आहे, यावर मोठं माणूस बसतं होय?’

बसत होते. तीनशे वर्षे बसत होते. ज्या स्वारांनी दिल्लीच्या बादशाहीला घाम फोडला, त्यांतल्या बहुतेकांच्या मांडीखाली याच अंगलोटाचे जनावर होते. आपल्या चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे आहेत. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला पुण्याचा शिवपुतळा १९२८ मध्ये उभा राहिला आणि महाराष्ट्राच्या मनातली स्वाराची प्रतिमा अशाच शिल्पांनी घडवली. शिल्पातला घोडा उंच असावा लागतो, कारण तो खालून बघायचा असतो. इतिहासातला घोडा मात्र डोंगर चढायचा होता, नदी पोहायची होती आणि ज्वारीच्या धाटावर जगायचे होते. त्याला उंची परवडणारी नव्हती.

मोजमाप सांगायचे तर खांद्याशी साधारण १४७ सेंटीमीटरच्या आत भरणाऱ्या घोड्याला जगभर ‘पोनी’ म्हणतात. दख्खनचे तट्टू १३० सेंटीमीटरच्या आसपासचे. म्हणजे पाच-साडेपाच फुटांचा माणूस शेजारी उभा राहिला तर त्याला घोडीच्या पाठीपलीकडचे शेत सहज दिसते.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठची ती भीमथडी, गोदावरीच्या काठची ती गंगथडी. नीरा, माण आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतली तट्टे जुन्या काळापासून नावाजलेली होती. ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही या खोऱ्यांतल्या घोड्यांची कीर्ती नोंदली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांची छावणी पाहिलेल्या एका युरोपीय लेखकाने भीमथडी घोड्याचे वर्णन केले आहे: मध्यम बांधा, अंगात ताकद, रंग बहुधा गर्द तपकिरी आणि पाय काळे. आपल्याकडे त्या रंगाला कुमाईत म्हणत. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतात भीमथडीची तट्टे आहेत, आणि २०२३ मध्ये ते राज्यगीत झाल्यापासून शाळाशाळांतली मुले त्या तट्टांचे नाव घेतात. किती मुलांनी ते तट्ट पाहिले आहे, हा प्रश्न वेगळा.

कोल्हार या दोन थड्यांच्या मधले गाव. प्रवरा इथून पुढे नेवाशाच्या बाजूला वाहत जाते आणि टोक्याजवळ प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. काठावर भगवतीमातेचे देऊळ; पौषी पौर्णिमेला तिची यात्रा भरते. नदीवर पूल होण्याआधी नगरकडून मनमाड-मालेगावच्या बाजूला जाणाऱ्याला प्रवरा पाण्यातूनच ओलांडावी लागे. अशा उतारावर लहान घोड्याची किंमत कळते. त्याचे अंग जमिनीलगत असते, पाऊल आखूड पडते, आणि गोट्यांवरून जाताना ते आधी खुराने चाचपते, मग भार टाकते. उंच, लांब पायांचे घोडे अशा जागी बिचकते.

या भागात घोडे लहान का राहिले, याचे उत्तर मातीत आहे. पर्जन्यछायेचा मुलूख. चार महिने हिरवे, आठ महिने हरळीच्या मुळ्या आणि कडबा. इथे जन्मलेल्या शिंगराला आईच्या दुधानंतर जे मिळे ते एवढेच. अशा चाऱ्यावर जे जगले ते लहान आणि चिवट निघाले. खूर दगडासारखे, भूक बेताची. अरबस्तानातून आणि इराणातून येणारे घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत आणि सुलतानांच्या, सरदारांच्या पागेत जात. त्यांची किंमत आणि खाणे दोन्ही दांडगे. सामान्य शिलेदाराला ते झेपणारे नव्हते. त्याने आपल्या परड्यातल्या घोडीवरच मांड ठोकली.

या मांडीची ताकद सर्वांत आधी ओळखली ती याच जिल्ह्यात. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने दख्खनी स्वारांना हाताशी धरून मोगलांना सतावण्याची रीत बसवली: समोरासमोर उभे राहायचे नाही, रसद तोडायची, रात्री तळावर पडायचे, उजाडायच्या आत नाहीसे व्हायचे. १६२४ मध्ये नगरपासून जवळच भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदमच धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. पुढच्या पिढीने ही रीत कुठून उचलली, हे वेगळे सांगायला नको.

शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. ही उतरंड पाठ्यपुस्तकात येते. पण त्याच बखरीत आणखी एक गोष्ट आहे, तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. ज्याने ही व्यवस्था बसवली त्याला घोड्याची तहान आणि घोड्याचे खूर कळत होते. बारगीर म्हणजे ज्याला सरकारी पागेतले घोडे मिळे तो, शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येणारा. शिलेदाराचे सारे दैव त्या एका जनावरावर. लढाईत घोडी पडली की त्याची चाकरीही पडली; म्हणून तो तिला पोटच्या पोरासारखा जपे. बंगालमध्ये आजही अंगाई गाताना मुलांना ‘बर्गी’ येईल अशी भीती घालतात. तो बर्गी म्हणजे हाच बारगीर.

लहान घोड्याने वेळ निभावून नेल्याचा एक प्रसंग प्रवरेच्याच खोऱ्यात घडला. १६७९ च्या नोव्हेंबरात महाराज जालना लुटून परतत होते. संगमनेरजवळ मोगली फौजेने गाठले. लढाई झाली, सिधोजी निंबाळकर कामी आले, आणि लुटीने जड झालेली फौज कोंडीत सापडण्याची वेळ आली. त्या वेळी बहिर्जी नाईकांनी वाट दाखवली. आडवाटेने, अहोरात्र चालून, फौज अकोले भागातल्या पट्टा किल्ल्यावर पोहोचली. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली आणि गडाचे नाव विश्रामगड झाले. पट्ट्याच्या बाजूच्या डोंगरवाटा ज्याने पायी तुडवल्या आहेत त्याला कळेल, की तिथून रात्री घोडे न्यायचे म्हणजे काय. ते काम राजदरबारात मिरवणाऱ्या उंच घोड्याचे नव्हते.

मग आले १७२८. मराठ्यांच्या घोडदळाची खरी परीक्षा या परिसरातच झाली.

निजामुल्मुल्क म्हणजे दख्खनमधला सर्वांत मुरलेला सेनापती. जवळ जबरदस्त तोफखाना, मोगली घोडदळ, हत्ती, बाजारबुणगे. थोरले बाजीराव त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या आत. १७२७ च्या अखेरीस बाजीराव निजामाच्या मुलखात घुसले आणि जालन्याकडून बऱ्हाणपूरची हूल देत थेट गुजरातेत उतरले. निजाम आधी मागे धावला, मग कंटाळून पुण्यावर चालून गेला, की पुणे जळताना बघून हा परत येईल. बाजीराव पुण्याकडे आलेच नाहीत. ते औरंगाबादच्या दिशेने वळले. आता निजामाला धावणे भाग पडले. जड तोफा मागे राहिल्या, रसद मागे राहिली, आणि गोदावरी ओलांडून वैजापूरच्या बाजूला पालखेडजवळ, पाण्याचा थेंब नसलेल्या माळावर, २५ फेब्रुवारी १७२८ ला तो वेढला गेला. मोठी लढाई अशी झालीच नाही. मराठी स्वारांनी चारी बाजू धरल्या, दाणा तोडला, पाणी तोडले. ६ मार्चला तह झाला, तो मुंगी-शेवगावला; म्हणजे नगर जिल्ह्यातच, गोदाकाठी.

पालखेड कोल्हारहून नदीपलीकडे, घोड्याच्या एका दिवसाच्या दौडीवर. या मोहिमेवर पुस्तके लिहिली गेली, दुसऱ्या महायुद्धातले सेनानी माँटगोमेरी यांनीही बाजीरावांच्या या हालचालींची वाखाणणी केली. पण महिनोन्महिने ही भिरभिर ज्यांच्या खुरांवर झाली त्यांना काय लागत होते, याचा हिशेब पाहा. मोगली घोड्याला वेळेवर दाणा आणि तूप-गूळ हवा. मराठी तट्टाला उभ्या पिकातली ज्वारी चालत होती. नसली तर कडबा, तोही नसला तर बांधावरचे गवत. स्वार तंबू घेत नव्हता, सामानाची गाडी घेत नव्हता. निजामाने बाजीरावांचे चित्र काढून आणायला चित्रकार धाडला आणि त्याने आणले ते चित्र असे, की स्वार घोड्यावर, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर, आणि दोन्ही हातांत ज्वारीची कणसे चोळून दाणे तोंडात टाकतो आहे. ही आख्यायिका आहे. पण तिच्यात त्या सैन्याचे सारे गणित आहे: जे स्वार खातो तेच घोडे खाते, आणि दोघेही चालता चालता खातात.

तीस वर्षांनी, १७५८ मध्ये, राघोबादादांच्या सरदारांनी अटकेपर्यंत मजल मारली. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग तिथून आला. वाटेत उत्तरेतलीही घोडी त्या फौजेत आली असतील, पण निघताना खोगीर चढले ते दख्खनच्या पाठींवर. हेच राघोबादादा अखेरच्या काळात कोपरगावात येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. कोल्हारहून शिर्डीमार्गे कोपरगाव आज गाडीने तासाभराचे.

घोड्यावर बसणे म्हणजे नुसते उडी मारणे नव्हे. ज्यांच्या घरी घोडी होती त्यांच्या सकाळचे वेळापत्रक घोडीभोवती फिरे. आधी खरारा: मानेपासून मागच्या मांडीपर्यंत केसांच्या दिशेने, मग तळव्याने रगडून. मग चंदी. हरभरा भिजवून, नाही तर हुलगे शिजवून तोबऱ्यात भरायचे आणि तोबरा तोंडाला अडकवायचा. हुलगे नगर-सोलापूरच्या माळरानाचे कडधान्य. इंग्रजीत तर त्याचे नावच घोड्यावरून पडले आहे. मग पाठीवर घडी केलेली घोंगडी, तिच्यावर खोगीर, आणि पोटाखालून तंग. इथे नवख्याची फजिती ठरलेली. तंग आवळताना घोडी श्वास भरून पोट फुगवते. माणूस समजतो तंग घट्ट बसला. बसून चार पावले गेला की घोडी पोट सोडते आणि खोगीर स्वारासकट एका अंगाला घसरते. जाणता माणूस तंग एकदा आवळतो, घोडीला दहा पावले फिरवतो, पोटावर थाप मारतो आणि मग पुन्हा आवळतो. ही दुसरी आवळणी बापाने मुलाला हाताला धरून शिकवायची.

खोगिराच्या पोटात चिंध्या, लोकरीचे तुकडे, जे हाताला लागेल ते भरत. ती खोगीरभरती. वरून दिसत नाही, पण तिच्यावाचून घोडीची पाठ सोलून निघते. भाषेने मात्र त्या शब्दाला निरुपयोगी भरणा असा अर्थ चिकटवला. असेच ‘भाड्याचे तट्टू’. पैशासाठी कुणाचीही बाजू घेणाऱ्याला आपण हे नाव देतो, आणि ज्या जनावराने भाडे घेऊन इमानाने ओझे वाहिले त्याच्या माथी बेइमानी मारतो. मराठीत घोडा जिकडेतिकडे आहे: घोडामैदान जवळ असते, वरातीमागून घोडे येते, घोडे पेंड खाते, जिभेला लगाम घालतात, तोंडात तोबरा भरतात. पागे, शिलेदार, नालबंद ही आडनावे आहेत. शिरूर तालुक्यातल्या आळेगाव पागा या गावाच्या नावातच पागा राहिली आहे. नेवाशाकडच्या घोडेगावात घोडेश्वरीचे देऊळ आहे. घोडा गेला, पण त्याचा सारा सरंजाम शब्दांत तसाच पडून आहे.

इंग्रजांनीही या जनावराचे नाव उचलले. ‘टट्टू’वरून त्यांनी ‘टॅटू’ केले, मग नुसते ‘टॅट’. हिंदुस्थानात रुळलेल्या शब्दांचा १८८६ चा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ यात त्याची रीतसर नोंद आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि टोक्याला गोदावरी ओलांडून तो असईकडे गेला. त्याच्याही छावणीचे ओझे बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवर होते. १८१८ नंतर पेशवाई सरली. हजारो शिलेदार घरी बसले. काहींना १८१७ मध्ये उभ्या केलेल्या पूना हॉर्समध्ये जागा मिळाली. आज ती पलटण रणगाडे चालवते, पण नावात घोडा आहे. स्वतःचे घोडे आणून चाकरी करण्याची शिलेदारी पद्धत इंग्रजांच्या घोडदळाने तर १९२१ पर्यंत चालवली, तीही त्याच नावाने. बाकीच्यांची घोडी नांगराला लागणारी नव्हती आणि लढाई उरली नव्हती. चांगल्या घोडीला चांगला घोडा शोधून शिंगरू घेण्याची आस्था ओसरली. त्यात १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला, आणि माणसालाच दाणा नव्हता तिथे चंदी कुठली?

तरीही गावगाड्यात तट्टू टिकले. पाटलाच्या देवडीत घोडी असे. मामलेदार, शाळा तपासायला येणारा दिपोटी, देवी टोचणारा डॉक्टर, वसुलीला निघालेला सावकार हे सारे तट्टावरून येत. जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांच्या दर्शनी भिंतीत अजून कुठे कुठे लोखंडी कडी दिसते. ती घोडी बांधण्याची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे झाली आणि लांबचा प्रवास आगगाडीवर गेला. पण स्टेशनपासून गावापर्यंतची वाट तट्टाचीच राहिली.

या काळातले घोडीचे मोल समजायला शिर्डीच्या पोथीतली गोष्ट पुरे. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या ‘श्री साईसच्चरित’मध्ये धूपखेड्याचे चांद पाटील येतात. त्यांची घोडी हरवली होती. दोन महिने शोध केला, मिळाली नाही, आणि पाटील खोगीर पाठीवर टाकून पायी परत निघाले होते. वाटेत आंब्याच्या झाडाखाली एक फकीर बसलेला. त्याने विचारले, हे खोगीर कसले? पाटलांनी हकीकत सांगितली. फकीर म्हणाला, त्या ओढ्याकडे बघ. घोडी तिथे चरत होती. पुढे चांद पाटलांच्या घरच्या वऱ्हाडाबरोबर तो फकीर शिर्डीला आला आणि तिथेच राहिला. तेच साईबाबा. लोक या कथेत चमत्कार पाहतात. पण खोगीर पाठीवर घेऊन चालणारा पाटीलही त्यात आहे. घोडी गेली तरी त्याने खोगीर टाकून दिले नाही, म्हणजे ती सापडेल ही आशा सोडली नाही. साईबाबांजवळ पुढे श्यामकर्ण नावाचा घोडा होता; चावडीच्या मिरवणुकीत तो सजून पुढे चाले. शिर्डीच्या लेंडीबागेत त्याची समाधी आहे. कोल्हारच्या पुलावरून शिर्डीला जाणारे लाखो लोक तिच्यासमोर हात जोडतात.

स्त्रियांचा उल्लेख राहून चालणार नाही. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. मराठा बायका घोड्यावर सर्रास बसतात, याचे त्याला नवल वाटले आणि त्याने तसे लिहून ठेवले. त्यात नवल नव्हते. नऊवारीचा कासोटा घातला की दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येते, आणि लहान घोडीवर चढायला दुसऱ्याचा हात लागत नाही. ज्यांच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, धनगर घरातल्या. आजही मेंढरांच्या कळपाबरोबर चालणाऱ्या धनगर घरांत घोडी लादणे, उतरवणे, पाजणे हे काम बहुतेक बायकांकडे असते. पहाटे उठून अर्ध्या तासात अख्खा संसार चार घोड्यांच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना सारखा तोलून, एकही गाठ न सुटता बांधणे ही कला कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत.

कोल्हारच्या परिसरातून पाटलाची घोडी कशी गेली, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भंडारदऱ्याचे धरण झाले, प्रवरेचे कालवे आले आणि जिराईत रानात ऊस उभा राहिला. १९५० मध्ये शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाण्याने या भागाचे दैन्य फिटले, ही मोठी गोष्ट. पण पडीक रान संपले, गायरान आटले, हरळीचे बांध तुटले. घोडीला चरायला जागा उरली नाही. सायकल आली, मग राजदूत आणि येझदी, मग जीप. देवडीतली घोडी निघाली आणि तिथे फटफटी उभी राहिली. लग्नाला नवरदेव घोड्यावर बसतो तेवढाच. तोही घोडा भाड्याने आणलेला, बहुधा उंच मारवाडी-काठेवाडी जातीचा, नाचायला शिकवलेला.

प्रौढ माणूस लहान घोडीवर खऱ्या अर्थाने बसलेला बघायचा असेल तर आता बैलगाडा शर्यतीच्या घाटात जावे. जुन्नर, आंबेगाव, खेड, इकडे पारनेर-संगमनेरच्या बाजूला गाड्याच्या बैलांपुढे एक घोडी पळते. बारी सुटली की घोडीवरचा गडी अंगाशी चिकटून, ढोपरांनी आवळून, चढावर भरधाव सुटतो आणि बैल तिच्या मागे. कित्येकदा खोगीरही नसते. सेकंदांचा खेळ. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा कायम केला. बैलांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. पुढच्या घोडीबद्दल फारसे कुणी बोलले नाही. बैलांना जपण्याचे जे नियम झाले, तेवढ्याच काळजीने तिचेही पाय आणि पाठ तपासली जावी, ही मागणी रास्त आहे.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने तिथेही मोठी माणसे घोड्यावरून फिरतात. घोड्यावर बसण्याचा नियम साधा आहे आणि सगळीकडे लागू पडतो: घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे वाहू नये, आणि त्या ओझ्यात खोगीरही मोजायचे. जुने स्वार अंगाने वाळके होते, सामान कमी नेत आणि चढावर उतरून चालत. उंची कमी म्हणून घोडे नाकारू नये. पण स्वाराने आपला काटा बघावा.

जगात इतरत्र लहान घोड्याला कमी लेखत नाहीत. चंगीझखानाच्या फौजा ज्या मंगोल घोड्यांवर अर्धे जग फिरल्या ते आपल्या तट्टांच्याच उंचीचे. आइसलंडमध्ये भले दांडगे शेतकरी लहानखुऱ्या घोड्यांवर बसतात आणि त्यांना कुणी ‘पोनी’ म्हटलेले त्यांना खपत नाही. त्यांच्या देशात तो घोडाच. मणिपूरच्या लहान घोड्यांवर खेळला जाणारा खेळ इंग्रजांनी पाहिला आणि तिथून आजचा पोलो जगभर गेला. आपण मात्र स्वतःच्या घोड्याला ‘तट्टू’ म्हणता म्हणता त्याची जात आहे हेच विसरलो. बराच काळ सरकारी दप्तरात भीमथडी ही जात म्हणून नोंदच नव्हती. रस्त्याने जाणारी धनगरांची घोडी ‘गावठी’ या एका शब्दात मोडत.

ती नोंद २०२३-२४ मध्ये झाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, स्पिती, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी. मोजमापे घेतली गेली, रक्ताचे नमुने तपासले गेले आणि हे सिद्ध झाले, की हे दुसऱ्या कुठल्या जातीचे खुरटलेले रूप नव्हे, स्वतःच्या अंगाचा, स्वतःच्या मातीतला घोडा आहे. तो आजवर जिवंत ठेवला तो राजवाड्यांनी किंवा पागांनी नव्हे. ज्यांच्या नावावर बऱ्याचदा गुंठाभरही जमीन नसते अशा भटक्या मेंढपाळांनी. मान्यतेचा कागद त्यांच्या पालापर्यंत पोहोचला पाहिजे. वाटेवर चराई मिळाली पाहिजे, घोडीला लस आणि नाल मिळाले पाहिजेत, चांगल्या घोड्याची पैदास करणाऱ्याला हातात पैसे मिळाले पाहिजेत. नाही तर दप्तरात जात राहील आणि रस्त्यावर घोडी राहणार नाही.

तोवर एक काम ज्याचे त्याला करता येईल. दिवाळीनंतर शिर्डीला जाताना कोल्हारच्या पुलाजवळ मेंढरांमागून घोड्यांची ओळ दिसली, तर हॉर्न वाजवू नका. गाडी बाजूला घ्या, काच खाली करा आणि पाच मिनिटे त्यांना जाऊ द्या.